तीनदा तुटलेला डावा पाटा : एका जुन्या एमएम ५४० चं प्रकरण

नोव्हेंबरचे दिवस, आंबिया बहराची तोड ऐन भरात. सकाळी नऊच्या सुमारास परतवाड्याच्या अलीकडच्या एका गावातून फोन आला. संत्र्याचे कॅरेट भरलेली जीप पांदणीतल्या नाल्यात अडकली होती. मागचं डावं चाक बॉडीला टेकलं होतं आणि गाडी जरा हलवली की टायर घासल्याचा वास येत होता. गाडीचे मालक, काका, फोनवर एवढंच म्हणाले, "भाऊ, पाटा गेला. तोच, डावीकडचा."

'तोच' या शब्दापायी हे सगळं लिहितोय. पोलादी पट्ट्या, म्हणजे पाटे, एकावर एक बांधून गाडीचा भार पेलणारी स्प्रिंग करतात, तिला कमान म्हणतात. चौदा महिन्यांत त्याच कमानीचा मेन पाटा, म्हणजे सगळ्यात वरचा, तुटायची ही तिसरी वेळ होती. आधीच्या दोन्ही वेळा गाडी दुसरीकडे दुरुस्त झाली होती. पहिल्यांदा तुटलेला पाटा वेल्डिंग करून बसवला, दुसऱ्यांदा नवा टाकला आणि 'परत तुटू नये' म्हणून खाली एक जाड पाटा वाढवून दिला. तुटलेलं तोंड मात्र कोणी निरखून पाहिलं नव्हतं. पाटा का तुटला हे त्या तोंडावर लिहिलेलं असतं, असं मी ठामपणे म्हणतो.

गाडी आणि तिचं काम

गाडी महिंद्राची एमएम ५४०, डिझेल, फोर व्हील. काकांनी ती लिलावात घेतली त्याला वीस वर्षं होत आली. महिंद्राने १९४७ साली विलीजच्या जीप भारतात जोडायला सुरुवात केली, आणि त्या जीपच्या बांधणीतलं बरंच काही या गाडीपर्यंत तसंच चालत आलं. चारही कोपऱ्यांवर पाट्यांची कमान, आणि ती कमान एक्सलच्या वर नाही, खाली बांधलेली. एक्सलच्या नळीवरून यू-बोल्ट खाली येतात, कमानीला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात आणि खालच्या जाड प्लेटवर त्यांचे नट आवळले जातात. डांबरी रस्त्यावर या बांधणीची काही तक्रार नसते. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या पांदणीत वर उचललेला प्रत्येक गोटा आधी त्या नटांनाच भेटतो.

काकांची पांदण तीनेक किलोमीटरची. दोन्ही बाजूंचे धुरे उंच आणि मधला रस्ता खचलेला, म्हणून पावसाळ्यात तोच नाला होतो. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. गाडीच्या खाली, कमानीचं मागचं टोक लटकवणाऱ्या झुलत्या कडीच्या, म्हणजे शॅकलच्या फटीत ती एकदा जाऊन वाळली की छन्नीशिवाय निघत नाही. दरवर्षी जून ते ऑक्टोबर ही गाडी त्या चिखलातून जाते, आणि नोव्हेंबरपासून त्याच रस्त्याने कॅरेट आणते. एका खेपेला पंचवीस-सव्वीस कॅरेट, कॅरेटमागे वीसेक किलो, वर मागच्या फाळक्यावर बसलेले दोन गडी. पाचशे किलोच्या वर माल झाला.

पावसाळ्यात ही गाडी आणखी एक गोष्ट वाहते. त्या गोष्टीकडे माझंही लक्ष दुसऱ्या दिवशी गेलं.

नाल्यातून गावापर्यंत

पोहोचलो तेव्हा गडी कॅरेट उतरवून धुऱ्यावर रचत होते. खाली वाकून पाहिलं. मेन पाटा एक्सलच्या गादीपासून, म्हणजे कमान एक्सलला टेकते त्या जागेपासून, दोन बोटं मागे सरळ तुटला होता. मागचा तुकडा शॅकलला लोंबत होता, एक्सल डाव्या बाजूने मागे सरकला होता. अशा वेळी पहिल्यांदा ब्रेकचा रबरी पाइप पाहायचा. एक्सल सरकला की तो ताणला जातो, आणि तो फुटला तर जुन्या जीपला मागचा ब्रेक राहतच नाही, पुष्कळदा पुढचाही राहत नाही. पाइप ताणलेला होता, पण शाबूत होता.

गडी धुऱ्यावरच्या बाभळीचा मांडीएवढा ओंडका तोडून घेऊन आला. जॅकने चेसिस उचलली, पहारीने एक्सल पुढे रेटला, ओंडका चेसिस आणि एक्सलच्या मध्ये बसवला आणि बैलगाडीच्या नाड्याने एक्सल पुढच्या हँगरला, म्हणजे कमानीचं पुढचं टोक चेसिसला जिथे जोडतात तिथे, आवळून बांधला. सुताचा नाडा साखळीपेक्षा बरा, कारण तो कचकन तुटण्याआधी करकरतो, आपल्याला कळतं. फोर व्हील टाकून, पहिल्या गिअरमध्ये, माणूस बाजूने चालेल त्या वेगाने गाडी गावात आणली. माल गाडीत परत चढवला नाही. काकांना ते पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं.

तुटलेलं तोंड

गॅरेजमध्ये मेन पाट्याचे दोन्ही तुकडे काढले, घासलेटने धुतले आणि उन्हात धरले. तुटलेल्या तोंडाचा वरच्या कडेचा चतकोर भाग काळपट-तपकिरी होता, गुळगुळीत, आणि त्यावर एकात एक चंद्रकोरीसारख्या रेषा होत्या. उरलेला भाग राखाडी, दाणेदार, साखरेच्या खड्यासारखा चमकणारा. चमकणारा भाग त्या सकाळी नाल्यात तुटला होता. काळपट भाग कित्येक आठवड्यांपासून, कदाचित पावसाळ्यापासून, रोज थोडा थोडा उलत होता. पाणी आत जाऊन गंजत होता. त्या नाल्यात नसता तुटला तर पुढच्या गोट्यावर तुटला असता.

चंद्रकोरी जिथून निघतात, ते भेगेचं मूळ. इथे ते मूळ पाट्याच्या वरच्या पृष्ठावर एका खड्ड्यात होतं, मोहरी मावेल एवढ्या. बोट फिरवलं तर तसेच आणखी पंधरा-वीस खड्डे लागले, सगळे वरच्या अंगाला, सगळे गादीच्या मागच्या बाजूला. खालचं अंग जवळपास स्वच्छ होतं. वरचं अंग महत्त्वाचं का? कमानीवर भार आला की ती सपाट होऊ पाहते, आणि तेव्हा प्रत्येक पाट्याचं वरचं अंग ताणलं जातं, खालचं दाबलं जातं. भेग नेहमी ताणाच्या बाजूने उघडते. कारखान्यात पाट्याच्या ताणाच्या अंगावर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करतात, तो याचसाठी, की त्या पृष्ठावर दाब साठून राहावा आणि भेगेला तोंड फुटू नये. खड्ड्याने तो थरच खाल्ला की मागे उरतं ते फक्त कठीण पोलाद.

हा पाटा जेमतेम वर्षाचा होता. पांदणीच्या चिखलाने वर्षभरात एवढे खोल खड्डे पडत नाहीत. उजव्या कमानीला तोच चिखल लागतो, आणि तिच्यावर खड्डे नव्हते.

काका म्हणाले, आधीचा तुकडा गोठ्यामागे पडला असेल. मुलाने संध्याकाळी तो आणून दिला, आणि निम्मं कोडं त्या तुकड्याने सोडवलं. तो पहिला पाटा, एकदा तुटून वेल्डिंग झालेला आणि मग पुन्हा तुटलेला. पहिली तूट सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मध्यावर एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या, भोकातून गेलेली होती, आणि वेल्डिंगच्या थराखाली उरलेलं अर्धं भोक अंडाकृती झालेलं दिसत होतं. सेंटर बोल्टचं भोक म्हणजे पाट्याची सगळ्यात दुबळी जागा, तरी ती एरवी तुटत नाही. यू-बोल्ट घट्ट असतील तर दोन यू-बोल्टच्या मधला भाग वाकतच नाही, भोक निवांत असतं. नट ढिले पडले की तोही भाग वाकायला लागतो, पाटे एकमेकांवर सरकतात, सेंटर बोल्ट भोक घासून लांबट करतो. म्हणून पाटा भोकात तुटला तर मी आधी यू-बोल्टवर पाना लावतो. या गाडीचे चारही नट मी सोडायला घेतले तेव्हा दोन नट रिंग पान्याच्या हलक्या झटक्याने फिरले. गोट्यांवर आपटून आटे चेपलेले होते, आणि एक यू-बोल्ट ताणून मध्ये बारीक झाला होता. तेच यू-बोल्ट प्रत्येक दुरुस्तीत परत परत लावले गेले होते.

दुसरी तूट वेल्डिंगला लागून, बोटभर अंतरावर. या गोष्टीची मला खरोखर चीड आहे, कारण खेड्यापाड्यांत अजून सर्रास पाटा वेल्डिंग करून देतात आणि गिऱ्हाइकाला ती दुरुस्ती वाटते. पाट्याचं पोलाद म्हणजे अर्धा टक्क्याच्या वर कार्बन असलेलं, आठशे अंशांच्या वर तापवून तेलात विझवलेलं आणि मग पुन्हा चार-पाचशे अंशांवर उतरवलेलं पोलाद. त्याचा चिवटपणा त्या दुसऱ्या तापवण्यातून येतो. वेल्डिंगच्या ज्वाळेने जोडालगतची पट्टी लालभडक होते आणि बाजूच्या थंड लोखंडाने पटकन विझते, म्हणून ती काचेसारखी ठिसूळ होते. त्याच्या पलीकडची पट्टी उलट मऊ पडते. ठिसूळ आणि मऊ शेजारी शेजारी, आणि त्यावरून रोज शेकडो वेळा वाकणं. तो जोड दोन महिने टिकला नव्हता.

आता जाड पाटा. उजव्या कमानीपेक्षा डावीकडे एक पाटा जास्त होता. बाकीचे साधारण ६ मिमीचे, हा ८ मिमीचा, कुठल्याशा मोठ्या गाडीचा कापून बसवलेला. दोन मिलिमीटरने काय फरक पडतो, असं वाटतं. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ भागिले ६, त्याचा घन, म्हणजे तो एकटा पाटा शेजारच्याच्या जवळपास २.४ पट कडक. त्याहून वाईट म्हणजे त्याचा बाक कमी होता. कमानीत खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकलेला असतो, म्हणजे आवळल्यावर त्याची टोकं वरच्याला घट्ट टेकतात आणि सगळे मिळून भार पेलतात. हा पाटा चपटा असल्याने मध्यावर टेकत होता आणि टोकांना फट सोडत होता. मी रिकाम्या गाडीत त्या फटीत पोस्टकार्ड घालून पाहिलं, सहज आत गेलं. मजबुतीसाठी टाकलेल्या पाट्याने मेन पाट्याचा आधार काढून घेतला होता. भार आला की मेन पाटा आणि त्याखालचा एकच पाटा, दोघे गादीच्या कडेशी वाकत होते. तिसऱ्यांदा पाटा तिथेच तुटला.

शॅकलही पाहिलं. मागच्या बाजूला कमान शॅकलला लटकलेली असते, म्हणजे सपाट होताना तिला लांब व्हायला वाव मिळतो. या शॅकलने वर्षानुवर्षं हालचाल केलेली नव्हती. रबरी बुश झिजून गेले होते, बोल्ट नळीत गंजून एकजीव झाला होता आणि दोन्ही कानांमध्ये काळी माती ठासून भरलेली.

मोरचूद

खड्डे का पडले, हे मात्र अजून कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या कमानीचे बाकीचे पाटे सुटे करताना दुसऱ्या आणि तिसऱ्या पाट्याच्या मध्ये चाकूचं पातं घातलं. वाळकी माती सुटली, तिच्या पोटात निळसर-हिरवा खर होता. आणि खाली, जिथे पातं लोखंडाला घासलं होतं, तिथे एक लालसर झाक, नव्या पैशासारखी.

संत्रा बागायतदाराला ही झाक ओळखता येते. झाडांच्या डिंक्या रोगासाठी बोर्डो मिश्रण करताना मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना बरोबर पडला की नाही हे आपण कसं पाहतो? घासलेला विळा किंवा लोखंडी खिळा मिश्रणात बुडवतो. लाल झाला की चुना कमी पडला, मोरचूद मोकळं आहे. मोकळं मोरचूद लोखंड खातं आणि लोखंडाच्या जागी तांबं बसवतं. याचसाठी मोरचुदाचं पाणी लोखंडी भांड्यात करायचं नाही, प्लास्टिकच्या ड्रममध्येच करायचं, हे पोराटोरांनाही माहीत असतं.

मी काकांना विचारलं, मोरचूद भिजवता कुठे?

"घरीच. राती ड्रममध्ये भिजू घालतो न सकाळी गाडीत टाकून बगीच्यात नेतो. तिथं पाणी हाये, चुना तिथंच विरघळवतो."

ड्रम कुठे ठेवता?

काकांनी उत्तर दिलं नाही. ते उठले, गाडीच्या मागे गेले आणि डाव्या कोपऱ्यातल्या तळाच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. पत्र्याला तिथे पाणी जायला भोक होतं. भोकाखाली सरळ रेषेत डावी कमान. पाच पावसाळे, दर हंगामात कितीतरी फवारण्या, आणि झाकण नीट न बसणारा ड्रम पांदणीत डचमळत जाणारा. विळ्याची परीक्षा काका आयुष्यभर करत आले; तीच परीक्षा पाच वर्षं त्यांच्या गाडीखाली चालू होती. उजवी कमान निळी नव्हती, कारण उजवीकडे पंपाचा होस आणि अवजारं असायची.

जोडीने की एकच

काकांचं म्हणणं रास्त होतं, निदान ऐकायला. "मंग डावीकडचीच नवी टाक ना भाऊ. उजवीले तं काई झालं नाई. दोन्हीचा खर्च कायले?"

मी सांगितलं, एक नवी आणि एक वीस वर्षांची कमान असली की गाडी एका अंगाला झुकते, ब्रेक मारला की ओढते, आणि वजन जास्त करून नव्या कमानीवर जातं. काका मान हलवत होते, पण पटलेलं दिसत नव्हतं. म्हणून उजवी कमान उतरवली आणि खडूची परीक्षा केली. ही कोणीही अंगणात करावी अशी आहे. पाटे सुटे करून तारेच्या ब्रशने घासायचे, घासलेटमध्ये तास-दोन तास बुडवून ठेवायचे, कोरड्या फडक्याने पुसून अगदी कोरडे करायचे आणि मग वर पांढऱ्या खडूची भुकटी चोळायची. वाट पाहायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर ओली काळी रेघ उमटवतं.

उजव्या कमानीच्या तिसऱ्या पाट्यावर दहा मिनिटांनी रेघ उमटली. केसाएवढी, पाट्याच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंत आलेली. काकांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, खडू पुसला गेला, पुन्हा चोळला, पुन्हा रेघ आली. मग त्यांनी मुलाला अमरावतीला दोन संच आणायला पाठवलं.

परतवाड्याचे एक जुने कमानवाले चाचा आहेत, त्यांच्याकडे पाटे तापवून पुन्हा चढवून घ्यायचाही पर्याय होता. मी त्यांचा आदर करतो. भट्टीसमोर उभं राहून नुसत्या रंगावरून ताव ओळखणारे असे लोक आता कमी उरलेत. पण खड्डे पडलेल्या पाट्याला कितीही सुंदर बाक दिला तरी खड्डा तिथेच राहतो. चाचांनीही पाटे हातात घेऊन तेच सांगितलं, आणि हे वखराची पास करायला चांगले आहेत म्हणून लोहाराकडे द्या म्हणाले. तसे ते दिले.

बसवताना

दोन संच, चार यू-बोल्ट नव्या नटांसह, खालच्या प्लेटा, शॅकल, बुश, आणि एक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून असलेल्या, फुटून गेलेल्या बम्प स्टॉपरच्या जागी नवे रबर. संच आणल्यावर दोन्ही कमानी एकमेकींना पाठ लावून उभ्या करून पाहिल्या. बाक सारखा, डोळ्यापासून डोळ्यापर्यंतचं (मेन पाट्याच्या टोकांच्या गोल वळ्यांमधलं) अंतर सारखं, पाटे सारखे. एकाच पेटीतले संच सारखे असतीलच असं धरून चालू नये.

उतरवण्याचा बराच वेळ शॅकलच्या बोल्टने खाल्ला. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, सकाळी घणाने ठोकलं, हलला नाही. शेवटी गॅसने कापावा लागला. तिथे घाई केली नाही: डिझेलचा पाइप कुठून जातो ते पाहिलं, ब्रेकच्या पाइपवर ओलं पोतं टाकलं, हाताशी पाण्याची बादली आणि वाळू ठेवली. रबरी बुश जळाला की त्याचा धूर फार घाण असतो, त्यामुळे काम उघड्यावर केलं.

चेसिस दोन्ही बाजूंनी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवली. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मी जात नाही आणि माझ्याकडच्या पोरालाही जाऊ देत नाही. एक्सलखाली वेगळा जॅक लावला, म्हणजे त्याला हवा तेवढा वर-खाली करता येतो. जुन्या कमानीचा सेंटर बोल्ट खोलताना ती आधी वाइसमध्ये आवळून घेतली होती. पाटे एकमेकांवर दाबून बसलेले असतात, बोल्टचा शेवटचा आटा सुटला की ते उसळतात, आणि तिथे बोट असेल तर बोट जातं.

नवी कमान पुढच्या हँगरला लावली, मागे शॅकलला लावली, दोन्ही बोल्ट हातानेच फिरवून सोडले. मग या सगळ्या कामातला माझ्या मते सगळ्यात नाजूक क्षण: एक्सल खाली आणताना सेंटर बोल्टचं डोकं गादीच्या मधल्या भोकात बसायला हवं. वरून दिसत नाही. मी करंगळी गादीच्या कडेने आत सरकवून डोक्याची गोल कड चाचपतो, पोरगा पहारीने एक्सल केसभर पुढे रेटतो, आणि डोकं भोकासमोर आलं की हात काढून घेऊन जॅक सोडायला सांगतो. बसलं की एक बारीक 'टक' जाणवतं. ते बसलं नाही आणि यू-बोल्ट आवळले तर कमान तिरपीच पकडली जाते, एक्सल वाकडा राहतो आणि गाडी रस्त्यावर एका अंगाने, कुत्र्यासारखी तिरपी पळते.

यू-बोल्टचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून, चौघेही सारखे आवळले. शेवटचा जोर गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने दिला. डोळ्यांचे बोल्ट मात्र गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. माझ्या हातून उजव्या बाजूला तेच झालं होतं, संध्याकाळची घाई. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो तीच स्थिती तो आपली मानतो. कमान लोंबत असताना आवळला, की गाडी जमिनीवर आल्यावर तो कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. दुसऱ्या दिवशी ते बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, मागे चार-पाच वेळा दाबून-उसळून बसू दिली आणि मग आवळले.

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावला. आधी डावीकडे अंतर बोटभर जास्त होतं, आता सारखं. मागची बाजू दोन इंच उंचावली, त्यामुळे पुढची थोडी खाली गेल्यासारखी दिसायला लागली. पुढच्या कमानी धुऊन, खडू लावून पाहिल्या. भेगा नव्हत्या, म्हणून त्या ठेवल्या.

जळकं ऑइल ओतू का, असं मुलाने विचारलं. कमानीवर जळकं ऑइल ओतायची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि ती सोडावी असं मला मनापासून वाटतं. त्यावर पांदणीची धूळ चिकटते, घासणीचा लेप तयार होतो, आणि ऑइल रबरी बुश फुगवून खराब करतं. चिखलातून आल्यावर साध्या पाण्याने शॅकल आणि कमान धुवायची, एवढं पुरे आहे.

पुढचं वर्ष

काकांनी तळाच्या पत्र्यातलं डाव्या कोपऱ्यातलं भोक बुजवलं आणि मोरचुदाचा ड्रम गाडीत नेणंच बंद केलं. मोरचूद कोरडं नेतात आणि बगीच्यातल्या टाकीशेजारी रात्रीच भिजवून ठेवतात. कॅरेट सोळावर आणले. खेपा वाढल्या, ते त्यांना अजून खुपतं. तोडीच्या दिवसांत मजूर खोळंबतात आणि व्यापाऱ्याची गाडी रस्त्यावर उभी असते, त्यामुळे खुपणं समजण्यासारखं आहे. नाल्यातल्या उतरणीवर दोन ट्रॉली मुरूम टाकला. आधी दोनदा दुरुस्तीला आणि बुडालेल्या दिवसांना जेवढं गेलं होतं, ते दोन्ही संचांच्या किमतीच्या पुढे होतं, हा हिशेब त्यांच्या मुलाने मांडून दाखवला.

यू-बोल्ट मी पहिल्या शंभर किलोमीटरनंतर तपासले. चारातले तीन पाव फेऱ्याने आणखी बसले. नवे पाटे आणि नवा रंग दबल्यामुळे हे होतंच, आणि हीच तपासणी टाळली की पाटा पुन्हा भोकात तुटायची तयारी सुरू होते. पाचशे किलोमीटरला पुन्हा पाहिले, जागचे हलले नव्हते. नटांवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली आहे, नटावरून सरळ प्लेटवर उतरणारी. रेघ तुटलेली दिसली की गाडी घेऊन यायची, एवढं काकांना सांगितलं.

पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, तोड सुरू व्हायच्या आधी गाडी बोलावली. पांढऱ्या रेघा मातीखाली होत्या. फडक्याने पुसल्या, चारही सरळ. शॅकल हाताने धरून झुलवलं, झुललं. डाव्या मेन पाट्याचं वरचं अंग गादीमागे धुऊन घेतलं, कमान जागेवरच ठेवून जेवढं पोहोचलं तेवढ्यावर घासलेट लावलं, पुसलं, खडू चोळला. काका पाटावर बसून पाहत होते. पंधरा मिनिटं झाली, खडू कोरडाच होता. "उजवीलेबी लाव," म्हणाले. तिलाही लावला.